गाडीचा चातुर्मास

आमच्या घरात चातुर्मास मनापासून पाळणारे एकच जण आहे, आणि ती म्हणजे आमची गाडी. मी श्रावणी सोमवार धरतो खरा, पण तो साबुदाण्याच्या खिचडीच्या ओढीने. आमच्या सौभाग्यवती दरवर्षी कांदा-लसूण सोडतात आणि पहिल्या मुसळधार पावसाला कांदाभज्यांच्या रूपाने पुन्हा धरतात. गाडीचे तसे नाही. मृग लागला की ती ताडपत्री अंगावर ओढून घेते, ती थेट दसऱ्यापर्यंत हूं की चूं करत नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७९ सालची. म्हणजे माझ्याच वयाची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९८८ साली प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून सेकंडहँड घेतली. शाळामास्तराने गाडी घेणे ही गोष्ट आमच्या चाळीत इतकी अघटित होती की लोक पेढे मागायचे सोडून 'लॉटरी लागली का हो?' असे विचारून गेले. तेव्हापासून आमच्या दोघांची तुलना घरात सुरू आहे आणि ती बहुतेक वेळा माझ्या विरुद्ध जाते. 'बघ, तुझ्याच वयाची आहे, पण चढावर अजून धापा टाकत नाही,' असे अण्णा चारचौघांत सांगतात. मी ठाण्यात बँकेत क्लार्क आहे. हल्ली आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे भारदस्त नाव मिळाले आहे, पण त्यामुळे काउंटरपुढची रांग काही आखूड झालेली नाही.

जुन्या गाडीला पावसाळा मानवत नाही. पद्मिनीच्या चारी चाकांना ड्रम ब्रेक. त्यात पाणी शिरले की ब्रेक दाबल्यावर ते सरकारी कचेरीसारखे 'कळवतो' म्हणतात. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला ओल धरली की इंजिन नुसते खोकते. आणि पायाखालचा पत्रा गंजला की रस्त्याचे जवळून दर्शन घडू लागते. म्हणून चार महिने विश्रांती. मग दसऱ्याला सकाळी ताडपत्री निघते, गाडीला आंघोळ घातली जाते, झेंडूचा हार चढतो, नारळ फुटतो आणि अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून किल्ली फिरवतात.

हे सगळे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालले होते. पण मोतीबिंदू आणि गुडघे या दोघांनी संगनमत करून अण्णांचे गाडी चालवणे बंद पाडले, आणि पावसाळ्यात गाडीची देखभाल करण्याचे काम माझ्याकडे आले. कोणीतरी सांगितले होते की दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवले म्हणजे झाले. पहिले तीन रविवार मी ते केले. चौथ्या रविवारी पाऊस होता. पाचव्या रविवारी मॅच होती. सहाव्या रविवारी काय होते ते आठवत नाही, म्हणजे बहुधा काहीच नव्हते.

गेल्या वर्षी दसऱ्याला अण्णांनी किल्ली फिरवली आणि आतून फक्त 'टक्' असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक्'. सोसायटीतली पोरे खोबऱ्याच्या तुकड्यासाठी हात पुढे करून उभी होती, तीही गप्प झाली. अण्णांनी किल्ली काढली, खिशात ठेवली आणि एक अक्षर न बोलता जिना चढून वर निघून गेले. ते मला रागावले असते तर बरे झाले असते. चाळीस वर्षे वर्गात पोरांना झोडपून काढणारा मास्तर गप्प बसतो तेव्हा आपला गुन्हा छडीच्या पलीकडचा आहे असे समजावे.

बॅटरी घेऊन मी दुकानात गेलो. 'दीड वर्षात गेली, गॅरंटीत बसवा,' म्हणालो. दुकानदाराने मीटर लावला, झाकणे उघडून आत डोकावला आणि डॉक्टर चष्मा काढतात तसा मीटर काढला. 'साहेब, ही वापरून नाही गेलेली. न वापरून गेलीय.'

हे वाक्य मी घरापर्यंत डोक्यात घेऊन आलो. त्याचा अर्थ त्याने मला तिथल्या तिथे, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या स्कूटरची बॅटरी सोडवत समजावून सांगितला होता. बॅटरीत शिशाच्या पट्ट्या असतात आणि पातळ केलेले गंधकाम्ल असते. बॅटरी उतरू लागली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. दोन-तीन महिने तशीच पडू दिली तर त्याचे कडक खडे होतात, आणि मग कितीही करंट ओता, ते विरघळत नाहीत. आणि ती पाच मिनिटांची युक्ती? स्टार्टर एका झटक्यात शंभराहून जास्त अँपिअर खेचतो, आणि जुनी गाडी जागच्या जागी फुरफुरत ठेवली तर पाच मिनिटांत त्यातले फारसे काही परत भरले जात नाही. दर रविवारी मी बॅटरीत भर घालतो आहे असे समजत होतो, आणि प्रत्यक्षात पैसे काढून आणत होतो.

बँकेतल्या माणसाला हे निराळे सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे खात्यात दोन वर्षे व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा होते. म्हणून काही जाणती मंडळी दर महिन्याला येऊन शंभर रुपये भरून जातात. आणि काही पेन्शनर असे असतात की जे काही भरत नाहीत, काही काढत नाहीत, नुसते पासबुक पुढे सरकवतात. 'काही एंट्री आहे का बघा जरा.' एंट्री नसते हे त्यांना माहीत असते. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्यांच्या खिशातल्या मोबाइलवर आलेला असतो. तरी ते येतात, पाच मिनिटे बोलतात आणि जातात. नव्याने लागलेली पोरे त्यांच्यावर वैतागतात. मीही पूर्वी वैतागत असे.

असो. नवी बॅटरी चार हजारांच्या घरात पडली आणि मी प्रतिज्ञा केली की पुढच्या पावसाळ्यात ही बॅटरी मरू द्यायची नाही. त्यासाठी चार्जर घ्यायचा. आता चार्जर ही वस्तू दुकानात जाऊन 'एक द्या' म्हणून आणता येईल अशी माझी भाबडी समजूत होती. मुलीसाठी स्थळ बघताना जेवढे सल्ले येतात तेवढे मला एका चार्जरसाठी आले.

पहिला सल्ला आला मिशिगनहून. तिथे माझा मामेभाऊ असतो आणि त्याच्याकडे जुनी मस्टँग आहे. त्यांच्याकडे थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ पत्रा खाते, म्हणून तो नोव्हेंबर ते एप्रिल गाडी गॅरेजात झोपवतो. थोडक्यात त्याची गाडी हिवाळ्यात चातुर्मास पाळते. फोनवर तासभर त्याने मला बॅटरी गोठण्याची भीती घातली. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासालाही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठते आणि तिचे कवच फुटते म्हणे. मी गॅलरीत बनियनवर बसून घाम पुसत ऐकत होतो. शेवटी म्हटले, 'अरे, इथे बत्तीस अंश आहे.' तेव्हा तो म्हणाला, 'मग तर तुला जास्त गरज आहे.' आणि ते खरे निघाले. दर दहा अंशांना बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. थंडीतली बॅटरी शिल्लक जपून राहते. आमची बॅटरी ती लग्नसराईतल्या मुलीच्या बापासारखी उधळते.

दुसरा सल्ला बॅटरीच्या दुकानदाराचा. त्याने टेबलाखालून एक लोखंडी पेटारा काढला. आत ट्रान्सफॉर्मर, वर काटेवाला मीटर, वजन पाटा-वरवंट्याएवढे. 'साहेब, हा तुमच्या नातवाला पुरेल.' पुरला असता यात शंका नाही. पण एक गोम होती. 'हा कधी थांबवायचा?' मी विचारले. 'पाणी उकळायला लागलं की,' तो म्हणाला. हा चार्जर आपण होऊन थांबत नाही. बॅटरी भरली तरी करंट कोंबतच राहतो. मग आतले पाणी उडते, पट्ट्या उघड्या पडतात आणि वर हायड्रोजन निघतो, जो ठिणगी मिळाली की भडकतो. आग्रह करकरून वाढणाऱ्या आणि पान उष्टे राहिले तर रुसणाऱ्या माझ्या एका मावशीची आठवण झाली. पदार्थ उत्तम, पण महिनाभर राहायला जाऊ नये.

तिसरा सल्ला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांचा. त्यांनी एक साधा अडॅप्टर दाखवला. 'अगदी बारीक करंट सोडतो. ट्रिकल! ठेवा लावून चार महिने.' करंट बारीक होता हे खरे, पण हाही थांबणारा नव्हता. मोठ्या चार्जरने चार तासांत होणारे नुकसान हा चार महिन्यांत करणार, एवढाच फरक. सुनेला टोमणे मारण्याच्या दोन पद्धती असतात, त्यातली ही दुसरी.

चौथा सल्ला आमच्या कन्येचा. 'बाबा, सोलर घ्या. पर्यावरण!' कल्पना उदात्त होती. पण गाडी इमारतीच्या पोटात, वर ताडपत्री, त्यावर आषाढ. पॅनेलला सूर्य दिसेपर्यंत घटस्थापना आली असती.

पाचवा चार्जर मी स्वतः शोधला. सात टप्पे, सात दिवे, आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र इंग्रजी नाव. चौकशीअंती कळले की या हुशार जातीतले काही चार्जर बॅटरी फारच उतरलेली असली तर तिला बॅटरी म्हणून ओळखच देत नाहीत. लाल दिवा लावून स्वस्थ बसतात. म्हणजे ज्याला खरी गरज आहे त्यालाच नकार, आणि ज्याच्याकडे आधीच शिल्लक आहे त्याला अगत्य. हे तत्त्व मी कर्ज खात्यात जवळून पाहिलेले आहे, त्यामुळे मला त्यात नवीन काही वाटले नाही. पण ते घरात आणायची इच्छा होईना.

शेवटी महिनाभराच्या अभ्यासानंतर मी जो निर्णय घेतला तो इतका साधा होता की सांगायला लाज वाटते. पस्तीस अँपिअर-अवरच्या बॅटरीला एक अँपिअरचा मेंटेनर पुरे. तो साधारण चौदा-साडेचौदा व्होल्टपर्यंत बॅटरी भरतो, मग साडेतेराच्या आसपास उतरतो आणि बॅटरी जेवढे गमावते तेवढेच घालत राहतो. भरत असताना पिवळा दिवा, भरली की हिरवा. बस्स. चार्जर निवडताना तो किती जोराचा आहे हे बघायचे नसते; त्याला थांबायचे कुठे ते कळते की नाही हे बघायचे असते. हे सूत्र मला पंचवीस वर्षांपूर्वी कळले असते तर संसारातले कितीतरी वाद टळले असते.

चार्जर आला, पण लावायचा कुठे? बॅटरी दहा किलोच्या आसपास. तिसऱ्या मजल्यावर आणायची तर लिफ्ट बंद, आणि स्वयंपाकघरात गॅसशेजारी हायड्रोजन ठेवायला सौभाग्यवतींचा ठाम विरोध. राहिला खाली पंपाच्या खोलीशेजारचा प्लग. तो सोसायटीचा. सेक्रेटरींनी विषय सभेपुढे ठेवला. 'उद्या सगळेच गाड्या लावतील!' एक सभासद गरजले. मी हिशेबाचा कागद वाटला: सुरुवातीचा दिवस सोडला तर चार्जर दोन वॅटच्या आसपास खातो, म्हणजे महिन्याला जेमतेम दीड युनिट. सभेत इतकी शांतता झाली की मला भाषण करावेसे वाटले. अखेर महिना पन्नास रुपये आगाऊ, अर्ज दोन प्रतींत, या अटीवर ठराव मंजूर झाला. दीड युनिटाला पन्नास रुपये हा दर मला महाग वाटला, पण बँकेतल्या माणसाने सर्व्हिस चार्जबद्दल बोलू नये.

मृगाच्या दिवशी मी आणि अण्णा खाली गेलो. 'आधी काळी वायर काढ,' अण्णा म्हणाले. आधी निगेटिव्ह काढली म्हणजे गाडीतले काही चुकून चालू राहून बॅटरी खात नाही आणि पान्हा पत्र्याला लागून ठिणगीही उडत नाही. मी काढली. लाल चिमटा अधिकवर, काळा उण्यावर, मग बटण. पिवळा दिवा लागला. संध्याकाळी हिरवा झाला. मीटर साडेतेरा दाखवत होता. 'झालं, आता दसऱ्यापर्यंत बघायला नको,' मी विजयी मुद्रेने म्हणालो. अण्णा काही बोलले नाहीत.

तीन रविवार मी निवांत झोपलो. चौथ्या रविवारी सकाळी अण्णा पेपरमागून म्हणाले, 'अरे, दिवा पिवळा दिसतोय.'

मी खाली गेलो. खरेच पिवळा होता. मग आम्ही दोघांनी झाकणे उघडून पाणी बघितले, हायड्रोमीटरने आम्ल तपासले. १.२६, म्हणजे ठीकच. तोवर सौभाग्यवतींनी थर्मासमधून चहा पाठवला. तो अण्णांनी गाडीत बसून घेतला, मी शेजारी बसलो. पाऊस पडत होता. अण्णांनी मला १९९१ साली घाटात पंखा-पट्टा तुटला तेव्हा आईच्या साडीच्या काठाने कसा बांधला ते सांगितले. आई गेल्यापासून त्यांनी ही गोष्ट काढली नव्हती. उठेपर्यंत दिवा हिरवा झाला होता.

पुढच्या रविवारी पुन्हा पिवळा. त्याच्या पुढच्याही. 'ओल असेल,' अण्णा म्हणायचे. मी प्लग पुसला, चिमटे घासले, मामेभावाला फोन केला. त्याने अमेरिकेत बसून चार्जरला दोष दिला. शेवटी बिल शोधून मी चार्जर परत करायला निघालो, तेव्हा गेटवर वॉचमनने विचारले, 'साहेब, कुठे चालवलाय?'

'बिघडलाय. भरत नाही.'

'बिघडलाय कुठला? आजोबा सोमवारी बटण बंद करतात, रविवारी सकाळी फिरायला खाली येतात तेव्हा लावतात. म्हणाले, सोसायटीची वीज जळते.'

मी जिथल्या तिथे उभा राहिलो. पन्नास रुपये आगाऊ भरल्याची पावती अण्णांच्याच फायलीत होती. सोसायटीच्या विजेची त्यांना एवढी कळकळ कधीपासून, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर मला काउंटरपलीकडून पुढे सरकणाऱ्या पासबुकात मिळाले. चार्जर परत नेऊन होता तसा लावला. बटण मात्र बंदच ठेवले. तो शनिवार होता.

तांत्रिकदृष्ट्या बोलायचे तर अण्णांचे काही चुकत नव्हते. आठवड्याची उतरण एवढीशी असते की रविवारी तास-दोन तासांत भरून निघते. खरे म्हणजे महिन्यातून एकदा भरली तरी बॅटरीला पुरते. तेव्हा बॅटरीच्या तब्येतीला धक्का नव्हता. धक्का बसला तो माझ्या महिनाभराच्या अभ्यासाला. ज्याच्याकडे पुन्हा बघावे लागू नये असा चार्जर मी शोधून काढला होता, आणि त्यातला नेमका हाच दोष त्यांनी पहिल्या दिवशी ओळखला होता.

यंदा दसऱ्याला किल्ली अण्णांनीच फिरवली. 'टक्' नाही, एक गुरगुर, एक खोकला, आणि पद्मिनी सुरू झाली. पोरांनी आरोळी ठोकली. सोसायटीच्या आवारात एक फेरी मारण्यापुरती मी सगळ्यांची परवानगी काढली होती. ताशी सात किलोमीटरच्या वेगाने, स्टिअरिंगजवळचा गिअर पहिल्यातच ठेवून, अण्णांनी ती फेरी राजासारखी पूर्ण केली. २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडीला पन्नास वर्षे झाली की तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, म्हणजे २०२९ साली. अण्णा तेव्हा पंच्याऐंशीचे होतील. ते हा हिशेब बोलून दाखवत नाहीत, पण मी बँकेत असल्यामुळे मला तो आपोआप होतो.

दुसऱ्या दिवशी चार्जर खोक्यात घालून मी माळ्यावर टाकला. गाडी आता चालती झाली होती, त्याची गरज उरली नव्हती. नंतरच्या रविवारी मी पांघरूण डोक्यावर ओढून पडलो होतो, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून पेपरमागून आवाज आला.

'अरे, दिवा पिवळा आहे का बघून येऊ या.'

मी माळ्याकडे एकदा बघितले.

'असणारच, अण्णा,' म्हटले. 'तुम्ही व्हा पुढे, मी चहा घेऊन येतो.'